हळ्ळीखेडचा कोहळा आणि व्हिएतनामचं कान्ह

व्हिएतनामला जायचं माझं तीन वेळा ठरलं आणि तिन्ही वेळा राहिलं. एकदा पासपोर्टची मुदत संपलेली निघाली, एकदा गुडघ्यानं दगा दिला, एकदा सोबतीणच फिरली. शेवटी जानेवारीच्या एका सकाळी मी सोलापूरच्या स्टँडवर पिशवी घेऊन उभी राहिले आणि हळ्ळीखेडला गेले. बिदर जिल्हा, हुमनाबाद तालुका.

निमित्त एका निरोपाचं. या ब्लॉगवर मागे मी बिनतेलाच्या, बिनफोडणीच्या पातळ भाज्यांवर चार ओळी लिहिल्या होत्या. त्याखाली बसवराज नावाच्या माणसानं लिहिलं, ‘म्याडम, माझी बायको व्हिएतनामची आहे. असलं पातळ ती रोज करते, तिकडं त्याला कान्ह म्हणतात. तुम्ही या, ती शिकवेल. पण वेळ अमावस्या झाल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी असायला पाहिजे.’

मी फोन करून विचारलं, तिसऱ्याच दिवशी का?

 तो म्हणाला, “त्या दिवशी तिच्या आईचं पहिलं वर्ष हाय. तिच्याकडच्या रीतीनं घरी पाहुणा लागतो. गावातलं कुणी येत न्हाई.”

एवढं ऐकल्यावर न जाणं मला जमलं नसतं.

सोलापूर ते हुमनाबाद हैदराबादच्या हमरस्त्यानं चार तास धरून चाला. रस्ता उत्तम आहे, नळदुर्ग आणि उमरगा मागे पडलं की दोन्ही बाजूंना तुरीची वाळलेली शेतं लागतात. मी उमरग्याला उतरून कर्नाटकची बस धरली. एक सूचना: कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण ती तिथल्या बायकांना. कंडक्टरनं माझं आधार कार्ड उलटसुलट पाहिलं आणि हसला. “सोलापूर? मग तिकीट काढा अक्का. तुमच्या सरकाराला सांगा, आमच्यासारखं फुकट करा म्हनून.” शेजारच्या बाईनं मला धीर दिला, “नवरा हिकडचा करायचा व्हता की.”

हुमनाबादला बस बदलायची. स्टँडबाहेर सुसला आणि मिरचीभजी मिळतात. सुसला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, डाळ्याचं कूट घालून परतलेला प्रकार, पोटभर आणि स्वस्त. तो खाऊनच पुढे जा. तिथून बिदरकडे जाणाऱ्या कोणत्याही बसमध्ये बसलं की पाऊण तासाच्या आत हळ्ळीखेड (बी) येतं. हा ‘बी’ बुजुर्गातला, म्हणजे थोरलं गाव.

बसवराज, सगळे त्याला बसू म्हणतात, फाट्यावर पिकअप घेऊन आला होता. पस्तिशीचा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. काही वर्षं तो व्हिएतनाममध्ये एका मिरीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. तिथेच लिन भेटली. वडील थकले म्हणून तिला घेऊन गावी आला, आणि आता हंगामात तूर कलबुर्गीच्या बाजारात पोचवतो. “तिचं नाव लिन,” तो म्हणाला, “पन गावानं लिंगम्मा करून टाकलंय. लिंगायताच्या घरची सून, त्यांना सोपं पडलं.”

घर स्लॅबचं, अंगणात तुळस, मागे दोन म्हशी. दारात बसूची आई उभी होती. सगळे तिला अव्वा म्हणतात, मीही म्हटलं.

“कामून आलाव बाई एवढ्या लांबून?” अव्वानं विचारलं. “पानी उकळाया शिकाया?”

आतून तिच्यासारख्याच हेलात, फक्त शब्दांच्या शेवटी सूर जरा वर नेत, आवाज आला, “अव्वा रोज दोन वाट्या पिती, अक्का. तोंडानं नावं ठेवती, घोटानं पिती.”

“गुडघ्याला बरं वाटतंय म्हनून,” अव्वा म्हणाली. “न्हाईतर आमच्यात आजाऱ्याला बी ह्याच्यापेक्षा घट्ट देतेत.”

लिन तिशीची, सडपातळ, अंगावर इरकल लुगडं. मराठी तिनं सासूकडूनच उचललेली, त्यामुळे ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ सासूसारखंच. पाळण्यात दहा महिन्यांची मुलगी झोपली होती.

दुपारी पहिला धडा झाला. लिहून घेण्यासारखं फार थोडं आहे, म्हणून नीट वाचा. मोठ्या पातेल्यात गार पाणी. त्यात मुळ्याचे जाड तुकडे, गाजर, कोबीचा मधला दांडा, मक्याचं दाणे काढलेलं बुरकूंड आणि जाळावर काळा होईपर्यंत भाजलेला एक अख्खा कांदा. तिच्या गावी यात सुकवलेल्या अळिंब्या पडत. इथे त्या मिळत नाहीत, म्हणून तिनं ओल्या तुरीच्या शेंगांची टरफलं घालायला सुरुवात केली. दाणे सोलून घेतले की टरफलं आपण म्हशीला टाकतो. ती धुवून कपड्यात बांधून पातेल्यात सोडायची. पाण्याला मंद गोडी येते. झाकण ठेवायचं नाही, जाळ बारीक, वर येणारा फेस चमच्यानं काढत राहायचा. पाणी खदखदलं की गढूळ होतं. तासाभरानं गाळून घेतलं की हाताशी सोनेरी, स्वच्छ पाणी राहतं. मग रोज त्यात एकच भाजी घालायची. त्या दिवशी मायाळूची पानं होती, दोन मिनिटांत उतरवली. आंबट हवं असेल तर चिंच, टोमॅटो, भेंडी आणि असला तर अननस.

“फोडणी?” मी सवयीनं विचारलं.

“फोडणी दिली तर भाजी बोलत न्हाई,” लिन म्हणाली. “फकस्त फोडणी बोलती.”

मी वाटी तोंडाला लावली. पहिल्या घोटाला काहीच लागलं नाही. तिसऱ्या घोटाला मुळा लागला, मग मागून तूर. सातव्या-आठव्या घोटाला मला कळलं, की घरात कुणीच बोलत नाहीये आणि मी वाटीत वाकून ऐकल्यासारखी बसले आहे.

“उद्या कशाचं?” मी विचारलं.

लिननं सासूकडे पाहिलं. अव्वा उठून म्हशींकडे गेली.

“कोहळ्याचं,” लिन हळू म्हणाली. “माझी आई कोहळ्याचं करायची. भिजवलेले शेंगदाने घालून.”

संध्याकाळी बसू मला शेत दाखवायला घेऊन गेला. गावापासून दीड-दोन किलोमीटर, माती तांबडी, पायाला चिकटणारी. अमावस्येला उभारलेली कडब्याची कोप अजून तशीच होती. या भागात वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं. कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांना भज्जी, म्हणजे पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांचं एकत्र कालवण, आणि आंबील वाढतात. दगडांपुढचे द्रोण रिकामे होते. मुंग्या असतील, किंवा कुत्री. नदीकडून धुकं यायला लागलं होतं आणि कोपीच्या आत अंधार साठायला लागला होता.

कोपीपलीकडे बांधाला लागून सिमेंटचा चौकोनी ओटा होता. लिंगायतांमध्ये जाळत नाहीत. गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवून, हातात लिंग देऊन आपल्याच रानात पुरतात. “अप्पा,” बसू म्हणाला आणि चपला काढल्या.

ओट्यावर एक वेल चढला होता. पानं सगळी वाळून काळी पडलेली, फक्त काटेरी दोर उरलेले. आणि ओट्याच्या बरोबर मधोमध एक कोहळा, दोन वर्षांच्या पोराएवढा, पांढऱ्या भुकटीनं माखलेला. बसूच्या कपाळावरच्या विभूतीचा रंग आणि त्याचा रंग अगदी एक होता.

“कुणी लावला?”

“कुणीच न्हाई.” मग बसूनं तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. तीन वर्षांपूर्वी लिन नवी आली, तेव्हा शेजाऱ्यांकडून अख्खा कोहळा आला होता. दाराला बांधायला, दृष्टीसाठी. लिनला वाटलं, भाजीला दिलाय. तिनं तो स्वतः कापला.

मराठी वाचकांना पुढचं सांगायला नको, पण तरुणांसाठी सांगते. अख्ख्या कोहळ्याला बाईनं पहिली विळी लावायची नाही, हे आपल्याकडे अजून पाळतात. पहिला छेद पुरुषानं द्यायचा, मग बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. नाहीतर घरातला पुरुष जातो म्हणतात, थोरला मुलगा आधी.

“नवव्या दिवशी अप्पा इथं, ह्या बांधावर पडले. उठलेच न्हाईत,” बसू म्हणाला. “उरलेला अर्धा कोहळा अव्वानं आनून हितंच फेकला व्हता. तेच बी रुजलं आसंल. दोन वर्सं नुसता वेल आला. फळ ह्या वर्सी पहिल्यांदा, आन एकच.”

“अव्वा लिनला काही बोलल्या?”

“एक शब्द न्हाई. तेच तर वाईट.” त्यानं विळ्यानं देठ तोडला. “लिनची आई गेली तवा लिनला आठवा म्हैना लागलेला, इमानात बसू देईनात. आईला बघितलं न्हाई तिनं. आता ही एक वाटी ठेवायची म्हनती, तर अव्वा घाबरती. लई वादावादी झाली. शेवटी अव्वा म्हनली, ठेव वाटी, पन कोहळा बसू कापंल. तू हात लावायचा न्हाई.”

परत येताना कोहळा पिकअपच्या मागच्या बाजूला पोत्यावर ठेवला होता. वळणावर तो हलला नाही. एवढंच लक्षात आहे माझ्या.

जेवताना त्या वादाचा शेवटचा तुकडा माझ्याही कानावर आला. लिनच्या खोलीत लाकडी फळीवर तिच्या आईचा फोटो आहे. पातळ ओठांची, कॅमेऱ्याकडे न बघणारी बाई.

“आमच्यात गेलेल्याला पान वाढत न्हाईत,” अव्वा मला समजावत होती. “मानूस लिंगैक्य झाला, संपलं. त्याला भूक न्हाई, तहान न्हाई. कशाला माघारी बोलवायचं?”

“परवा पाच दगडांला भज्जी वाढलाव अव्वा,” लिन म्हणाली. “दगड खातेत का? मग माझ्या आईलाच कामून न्हाई?”

“दगड उठून घरात येत न्हाईत, बाळा.”

 बसूनं आणखी एक भाकरी मागितली.

सकाळी मी उठले तेव्हा बसू तुरीची पोती घेऊन कलबुर्गीला निघून गेला होता. बाहेर धुकं इतकं दाट, की अंगणातली तुळस दिसत नव्हती. म्हशींच्या साखळ्यांचा आवाज येत होता, पण म्हशीही दिसत नव्हत्या. बसू अकराच्या आत परतणार होता. लिनच्या घरची रीत अशी, की भाजी पाणी तयार झाल्यावरच चिरायची आणि गेलेल्या माणसाची वाटी बाराच्या आत ठेवायची. बारानंतर ठेवलेलं पोचत नाही, असं तिची आई म्हणायची. आणि ते पातळ आधी चाखायचं नाही. हे ऐकून अव्वा प्रथमच होकाराची मान हलवत म्हणाली, “आमचा नैवेद्य बी आसाच.”

कोहळा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोत्यावर होता. मी चहा घ्यायला गेले तेव्हा पाहिलं, त्याच्या पांढऱ्या भुकटीवर एक हात उमटला होता. पाच बोटं आणि तळवा, स्वच्छ. उचलताना बसूचा लागला असेल असं मी स्वतःला सांगितलं आणि मग उगाच माझा हात त्याच्याजवळ नेऊन पाहिला. तो हात माझ्या हातापेक्षा लहान होता.

“लिन, तू याला हात लावलास?”

“न्हाई अक्का. अव्वानं लावू नको म्हटलंय.”

अव्वा पुढच्या खोलीत लिंगपूजेला बसली होती. तिला मी विचारलं नाही.

नऊला लिननं पातेलं चढवलं. मुळा, गाजर, बुरकूंड, टरफलांची पुरचुंडी. दहाला फेस काढला. साडेदहाला गाळून पुन्हा बारीक जाळावर ठेवलं. शेंगदाणे रात्रभर भिजून टपोरे झाले होते. अकरा वाजले. लिननं बसूला फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पाच मिनिटांनी पुन्हा. मग मी माझ्या फोनवरून लावला. तेच. धुकं उठलं नव्हतं.

सव्वाअकराला लिन डोक्यावर पदर घेऊन शेजारी गेली. मी मागोमाग गेले. शेजारचे शिवप्पा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते, साठीचे गृहस्थ.

“अण्णा, एक विळी लावून देताव? एकच. बाकीचं मी करते.”

शिवप्पांचा अंगठा थांबला. “कुठला कोहळा? समाधीवरचा?”

लिननं होकाराची मान हलवली.

“लिंगम्मा, तुला लाकडं फोडून देतो. म्हस धरून देतो. कांदे म्हन, पोतंभर चिरून देतो, रडत रडत देतो. ह्ये मला सांगू नको, माय. आमच्या घरी बी लेकरं हायेत.”

त्यांच्या आवाजात तुसडेपणा नव्हता. ते खरोखर घाबरले होते, दिवसाढवळ्या, स्वतःच्या ओट्यावर.

आम्ही परत आलो. अकरा वाजून पंचवीस मिनिटं. लिन कोहळ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. पातेल्यातलं पाणी बारीक हलत होतं.

“मी कापते,” मी म्हटलं. त्यात काय? मी त्या घरची नव्हते. मी विळी ओढली, पाटावर पाय ठेवला, कोहळा दोन्ही हातांनी उचलला. तो अपेक्षेपेक्षा खूप जड होता आणि गार, विहिरीतून काढल्यासारखा. आणि मला पुण्यातला माझा थोरला मुलगा आठवला, जो त्या वेळी मोटारसायकलवर ऑफिसला निघालेला असतो. मी अशा गोष्टी मानत नाही. कधीच मानल्या नाहीत. पण कोहळा विळीच्या पात्यापर्यंत गेला आणि तिथे माझे हात थांबले. मी तो परत पोत्यावर ठेवला. लिननं पाहिलं आणि नजर वळवली. ती मला काही बोलली नाही. त्या घरात न बोलण्याचं वजन काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

दारात अव्वा उभी होती. पूजा आटोपून आलेली, कपाळभर विभूती, हाताला अजून ओल. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

“सरका,” ती मला म्हणाली आणि विळीवर बसली.

“अव्वा, नको,” लिन पुढे आली. “बसू रस्त्यात हाय.”

“म्हाईत हाय.”

“फोन लागंना झालाय.”

“म्हाईत हाय म्हटलं न्हवं?” अव्वानं कोहळा मांडीशी घेतला. त्यावरच्या हाताच्या ठशावर तिचा हात पडला, पण बरोबर बसला की नाही हे मला दिसलं नाही. “त्ये गेले, त्येंच्या दिसाला गेले. मी तुला तोंडानं कंदी बोलले न्हाई. पर मनात बोलायचे. तीन वर्सं. रोज भाकरी थापताना बोलायचे. तुला ऐकू येत व्हतं का न्हाई?”

“येत व्हतं,” लिन म्हणाली.

“मग आता ऐक. आता काय झालं तर दोघींवर.”

आणि तिनं कोहळा पात्यावर दाबला. साल टणक होती. आधी नुसता करकर आवाज आला, मग ओल्या लाकडासारखा एक फुटका आवाज, आणि दोन भाग पाटाच्या दोन बाजूंना पडले. आत पांढराशुभ्र गर, काकडीसारखा वास. एवढंच. कोणता आवाज मला अपेक्षित होता, सांगता येणार नाही.

लिन खाली बसली आणि भराभरा साल काढायला लागली. बोटभर जाडीच्या फोडी करायच्या, बिया आणि मऊ भाग काढून टाकायचा. शेंगदाणे आधीच पाण्यात शिजत होते. कोहळ्याला दहा मिनिटं पुरतात, फोड काचेसारखी आरपार दिसायला लागली की उतरवायचं. मीठ हाताच्या अंदाजानं. वर कांद्याची पात, कोथिंबीर आणि जाडसर मिरी. बाराला चार मिनिटं कमी असताना वाटी फोटोपुढे ठेवली गेली. शेजारी भाताची वाटी, वर जेवायच्या दोन काड्या आडव्या. लिननं उदबत्ती लावली, तीन वेळा वाकली आणि भिंतीला टेकून बसली. उदबत्ती जळेपर्यंत बोलायचं नाही.

आम्ही तिघी बसलो. खोलीची खिडकी बंद होती, पंखा बंद होता. वाटीतून वाफ सरळ वर जात होती आणि मग फोटोच्या उंचीला येऊन एका बाजूला झुकत होती, कोणी जवळ तोंड नेऊन फुंकत असावं तशी. दाराच्या फटीतून हवा येत असेल. मी दाराकडे पाहिलं, तर अव्वाही दाराकडेच बघत होती. तिचं फोटोकडे लक्ष नव्हतं. मांडीवर फोन पालथा होता आणि त्यावर तिचा हात. बाहेर म्हशींच्या साखळ्या थांबल्या होत्या. पाळण्यातली मुलगी जागी झाली असावी, पाळणा हलला, पण ती रडली नाही.

उदबत्ती जळत गेली आणि राख पडली नाही. ती काडीवर तशीच उभी राहिली आणि शेवटी आत वळली, वेलीच्या तंतूसारखी. नंतर लिननं सांगितलं, तिच्याकडे राख अशी वळली की माणूस येऊन जेवून गेला म्हणतात.

मग तिनं ती वाटी उचलून पहिला घोट घेतला. “मीठ जास्त झालं,” ती म्हणाली. दुसरा घोट घेतला. “आई बी जास्तच घालायची.” आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडली.

मी दोन वाट्या प्याले. ते पातळ किती चांगलं होतं, हे सांगायला मला संकोच वाटतो. अव्वानं आपली वाटी भरून घेतली आणि समोर ठेवून बसली. “बसू येऊ दे,” ती म्हणाली.

एक वाजला. फोन लागला नाही. दीड वाजता धुकं उठलं, ऊन आलं, आणि त्यानं आणखीच वाईट वाटलं, कारण आता उशिराला कारण उरलं नव्हतं. अव्वाच्या वाटीतली कोथिंबीर काळी पडली. दोन वाजता शिवप्पा कुंपणापाशी आले, आत डोकावले, काही न विचारता परत गेले. लिन सासूच्या शेजारी जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

पावणेतीनला पिकअपचा हॉर्न वाजला.

बसू आत आला तो बोलतच. कमलापूरच्या पुढे ट्रक आडवा झालेला, दोन तास रांग, बाजारात हमाल नाहीत, फोन चार्जिंगला लावायचा राहिला. “बारा वाजून गेले ना गं? काय केलाव मग?” असं म्हणत त्यानं तांब्या उचलला, तेव्हा त्याच्या डाव्या अंगठ्याला गुंडाळलेलं फडकं दिसलं. लाल, भिजलेलं.

“ह्ये काय?” अव्वा उठली.

“हुक लागला. पोतं उतरवताना. कापलंय वाईच.”

“किती वाजता?”

“आता पोती उतरवताना घड्याळ कोन बघतंय, अव्वा?”

अव्वानं त्याचा हात धरला. फडकं सोडलं. अंगठ्याच्या मुळाशी सरळ, खोल चीर होती, विळीवर ओढल्यासारखी. ती बराच वेळ बघत राहिली. मग कपाळावरची विभूती बोटानं पुसून तिनं जखमेभोवती लावली, नवीन फडकं बांधलं, आणि म्हणाली, “जेव.”

आणि आपली गार झालेली वाटी उचलून एका दमात प्यायली.

दुसऱ्या दिवशी मी परतले. उमरग्याला बस बदलताना मुलाला फोन केला. “काय झालं?” त्यानं विचारलं. “काही नाही. जेवलास का?” “सकाळी दहाला?” तो म्हणाला. जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा, हुरडा असतो, ओल्या तुरी असतात. हळ्ळीखेडला लॉज नाही, राहायची सोय हुमनाबादला बघा. सकाळचा प्रवास धुकं उठल्यावरच करा.

घरी आल्यापासून मी कान्ह आठवड्यातून तीनदा करते. मुळ्याचं, माठाचं, चिंचेचं. टरफलांची युक्ती अप्रतिम आहे, मटाराच्या सालींवरही चालते. लिनचा परवा फोन होता. अव्वानं त्या कोहळ्याच्या बिया धुवून वाळवून डब्यात भरून ठेवल्यात. गावात कुठून कोहळा आला तर तो आता तीच चिरते, बसू घरात असला तरी. शिवप्पांच्या सुनेनं त्यांचाही एक आणून दिला, तोही तिनं चिरून दिला. कोणी काही विचारलं तर म्हणते, झालं तर माझ्यावर.

मीही गेल्या आठवड्यात मंडईतून एक अख्खा कोहळा आणला. स्वयंपाकघरात खिडकीखाली ठेवलाय. विळी धुवून, पुसून दोनदा पुढ्यात घेतली. भाजीवाली म्हणाली, न कापता सहा महिने टिकतो.